अठ्ठावीस इंचांची वाट

शनिवार, १७ नोव्हेंबर २०१८, सकाळी सात वाजून वीस मिनिटे

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून कागदाच्या मधोमध रेघ मारली आहे आणि दोन बाजूंना दोन यंत्रांचे गुणदोष लिहीत आहे. डॅड नुकताच उठून आला, माझ्या खांद्यावरून डोकावला आणि म्हणाला, "अजून ठरलं नाही का? बर्फाला सांगू का थांबायला?"

ठरलेले नाही, म्हणून ही वही काढली. लिहिले की डोके जरा जागेवर राहते.

डॅडची दोन्ही मूत्रपिंडे निकामी आहेत. सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेसातला डायलिसिस केंद्राची गाडी त्याला न्यायला येते. केंद्राचा नियम असा आहे की घरापर्यंतचा चढ साफ नसेल तर गाडीने खालच्या रस्त्यावरून परत जायचे. या बुधवारी चौदा इंच बर्फ होता. मी फावड्याने निम्मा चढ उपसला होता तेव्हा खाली भोंगा वाजला आणि गाडी निघून गेली. शुक्रवारपर्यंत डॅडचे पाय सुजून बूट चढेनात, आणि आडवे झाले की त्याला श्वास पुरेना.

इतकी वर्षे आम्हाला यंत्र लागले नाही. डॅड काउंटीची बर्फ ढकलणारी नांगरगाडी चालवायचा आणि पाळी संपवून घरी येताना एक हात आमच्या चढावरूनही मारायचा. ते नियमात नव्हते. तो निवृत्त झाल्यावर शेजारचा ट्रॅक्टरवाला करून द्यायचा. तो या उन्हाळ्यात घर विकून मुलीकडे राहायला गेला. म्हणजे आता चढ माझ्याकडे आहे. चढ बंद तर डॅडचे रक्त साफ होणार नाही. खरे तेच आहे.

एका बाजूला विजेवर चालणारे हलके, एका टप्प्याचे स्नो ब्लोअर, म्हणजे बर्फ खेचून बाजूला उडवणारे यंत्र. स्वस्त. दुसऱ्या बाजूला पेट्रोलचे, दोन टप्प्यांचे. महाग आणि जड.

"आपल्या चढावर खडी आहे," डॅड म्हणाला. "त्या हलक्या खेळण्याची रबरी पाती जमिनीला घासून चालतात. बर्फाबरोबर खडे उडतील. पहिल्याच दिवशी खिडकी फुटेल, नाहीतर मी."

दुसऱ्या बाजूला खूण केली.

मंगळवार, २० नोव्हेंबर

क्लेटन ओयालाकडे गेलो. तो आपल्या कोठारात लहान इंजिने दुरुस्त करतो आणि हिवाळ्याआधी जुनी यंत्रे विकतो. त्याच्या उजव्या हाताला दोन बोटे नाहीत. यंत्राच्या सोंडेत अडकलेला बर्फ हाताने काढायचा नाही, काठीने काढायचा, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला तोच हात वर करून सांगतो.

"हे चोवीस इंच रुंद तोंडाचं घे," तो म्हणाला. "नवीन आहे. बटण दाबलं की चालू. माझी सासू चालवते. म्हातारी काठी टेकत जाते आणि यंत्राला धरून परत येते."

"आणि ते मागचं?"

"अठ्ठावीस इंची. वीस वर्षांचं धूड आहे. पण गिअरबॉक्स ओतीव लोखंडाचा, दांडा तुझ्या मनगटाएवढा." त्याने हात फडक्याला पुसले. "खरं सांगू? तुझ्या बापाचा फोन आला होता. म्हणाला, पोराला टिकणारं दे. मागनं कोणी सांगायला नसलं तरी चालेल असं."

डॅडला सारखा दुरुस्तीचा खर्च आवडत नाही. अठ्ठावीस इंची घेतले. साडेसहाशे डॉलर. तीनशे लगेच दिले, उरलेले हप्त्याने. घरी येईपर्यंत तीन वेळा वाटले की चूक झाली.

शनिवार, २४ नोव्हेंबर

डॅडने आज मला यंत्र शिकवले. काल डायलिसिस झाले होते, तरी तो गॅरेजमध्ये उलट्या बादलीवर घोंगडी घेऊन बसला. शिकवलेले इथे उतरवून ठेवतो.

तेल हिवाळी, पातळ. पेट्रोल ताजे, आणि त्यात ते खराब होऊ नये म्हणून औषध. काम संपले की पेट्रोलची तोटी बंद करून इंजिन आपोआप थांबू द्यायचे, म्हणजे आत काही साचत नाही. खडी असल्यामुळे पाते जमिनीपासून वर ठेवायचे: पात्याखाली रंग ढवळायच्या दोन काड्या घालायच्या आणि बाजूचे घसरते बूट, म्हणजे यंत्र ज्यांवर टेकून सरकते त्या लोखंडी पट्ट्या, त्या उंचीवर आवळायचे.

सगळ्यात महत्त्वाच्या पिना. बर्फ कापणारे मळसूत्र दांड्यावर दोन पिनांनी धरलेले असते. पिना मुद्दाम मऊ धातूच्या असतात. मध्ये दगड किंवा गोठलेला गठ्ठा आला की पिन तुटते, मळसूत्र थांबते आणि गिअरबॉक्स वाचतो.

"आणि सारखी तुटायला लागली तर?" मी विचारले.

"तर सारखी बदल. तुटण्याचाच पगार आहे तिला."

मग त्याने मला हातमोजे घालून, डोळे मिटून पिन बदलायला लावली. वादळात डोळे असून नसल्यासारखेच असतात म्हणे. मी दोनदा पिन खाली पाडली.

"तू टॉर्च धरशील ना पण," मी म्हणालो.

"टॉर्च दातात धरायची. चल, परत एकदा."

इतका वेळ त्याने मला कधीच काही शिकवले नव्हते. यंत्रामुळे त्याला हुरूप आला आहे. बरे वाटले.

शुक्रवार, ७ डिसेंबर

पाच वाजता उठतो, चढ खालपर्यंत दोनदा काढतो. वरचा बर्फ सोपा असतो. त्रास तळाशी. नांगरगाडी रस्ता साफ करत जाते आणि आमच्या तोंडाशी कमरेएवढा बांध टाकून जाते. त्यात मीठ, खडे आणि रस्त्यावरची बर्फाची ढेकळे असतात. पिना तिथेच तुटतात.

"एकतीस वर्षं मी लोकांच्या दारात हेच टाकत होतो," डॅड म्हणतो. "बायका खिडकीतून झाडू दाखवायच्या. आता फेड म्हणावं."

केंद्राची गाडी रोंडा बुशार्ड चालवते. साठीची आहे आणि आवाज असा की खालून बोलली तरी वर ऐकू येते. आज गाडीतून उतरून तिने चढ पाहिला आणि माझ्याकडे बघून ओरडली, "अरे डेल, या चढावरून मी लग्नाचा झगा घालून चालत येईन!"

"कोणाशी लग्न?" डॅड म्हणाला.

"तुझ्याशी नाही, रूबेन. माझा नवरा अंघोळ करतो त्यापेक्षा जास्त वेळा तुझं रक्त धुतलंय, तरी तू तसाच."

दुपारी तो परत आला तेव्हा तोंड राखाडी झाले होते. कोट न काढता खुर्चीत बसला. मी मांस आणि बटाटे भरलेली पेस्टी गरम करून दिली, त्याने कड तेवढी मोडली. म्हणाला, "तिथे शेजारच्या खुर्चीत एक जण आहे. चार तास छताकडे बघतो. आज मला कळलं, मीपण."

मी विचारले, टीव्ही नाही का. तो म्हणाला आहे.

संध्याकाळी त्याने पिकअपची कागदपत्रे माझ्या नावावर करायला काढली. माझ्या नावावर विम्याचा हप्ता कमी बसत असेल.

गुरुवार, ३ जानेवारी २०१९

काल गाडी आलीच नाही. चढ स्वच्छ होता, बांधही कापला होता. साडेसात, आठ, साडेआठ. डॅड मात्र निवांत. त्याने सपाट जवाची भाकरी लोण्याबरोबर खाल्ली, खारवलेला मासा खाल्ला (तो त्याला मना आहे), आणि माझ्याशी पत्ते खेळून दोन डाव जिंकला.

नऊ वाजता मी केंद्राला फोन केला. बाई म्हणाल्या, "तुमच्याच घरून सकाळी फोन होता. चढ बंद आहे, गाडी पाठवू नका, असा."

डॅडला विचारले. तो पत्ते पिसत म्हणाला, "मला खिडकीतून बंद दिसला."

रात्रभर विचार केला. त्याच्या खिडकीतून पहिले वळण दिसते. तिथे माझ्या कडा वेड्यावाकड्या येतात, बाजूचा बर्फ आत ढासळतो. एकतीस वर्षे रस्ते साफ केलेल्या माणसाला तो रस्ता साफ वाटणार नाही. आज मी दोन्ही कडांना नारिंगी काठ्या रोवल्या आणि एकेक फेरी जास्त मारली. आता वळणावरून दोन गाड्या जातील.

मंगळवार, १५ जानेवारी

काल पुन्हा. पुन्हा त्याने फोन करून नको सांगितले. आता तर चढावर खडी दिसत होती!

मी जरा चिडलो. "डॅड, डोळे तपासून घेऊ या का?"

"डोळ्यांचं नको," तो म्हणाला. "डॉक्टरकडे आणखी एक खुर्ची असेल."

केंद्राच्या परिचारिकेने मला फोनवर स्पष्ट सांगितले की एक पाळी चुकली तरी हृदयावर येऊ शकते. फोन ठेवल्यावर मी बाहेर जाऊन चढ पुन्हा काढला, काढण्यासारखे काही नव्हते तरी. पट्टा ताणला, साखळीला ग्रीस लावले, बूट पाव इंच वर चढवून पाते तेवढे खाली आणले म्हणजे तळ अधिक साफ येईल.

डॅड खिडकीतून बघत होता. त्याने हात केला. मी यंत्र सोडले नाही, मान हलवली.

शनिवार, २६ जानेवारी

पाते खाली आणल्यापासून पिना जास्त तुटतात. या आठवड्यात सहा. काल शेवटची तुटली ती सव्वासातला, तळाच्या बांधात, आणि रोंडाची गाडी खालच्या रस्त्याच्या वळणावर दिसत होती. उरलेला बांध मी आणि तिने मिळून फावड्याने काढला. तिने काही बोलून दाखवले नाही, पण तिची कंबर दुखरी आहे.

हार्डवेअरच्या दुकानात पिना संपल्या आहेत. माल मंगळवारी येणार, रस्ते उघडे राहिले तर. तिथल्या पोरीने त्याच जाडीचे कडक पोलादी बोल्ट दाखवले.

दोन्ही बाजू नीट मांडल्या. विरुद्ध: डॅडने सांगितलेले. बाजूने: पिन तुटली तर सकाळ जाते, सकाळ गेली तर पाळी जाते. बोल्ट तुटणार नाही. यंत्राला धोका रोज नाही, कधीतरी. डॅडला रोज.

बोल्ट घातले. तीन दिवसांपुरतेच, असे ठरवले आहे.

संध्याकाळी डॅडने विचारले, "आज पिना किती?"

"एकही नाही."

त्याने गॅरेजच्या दाराकडे पाहिले. मग म्हणाला, "झोप जरा. तुझे डोळे बघ."

सोमवार, २५ फेब्रुवारी

बोल्ट काढले नव्हते. पिनांचा डबा आणला, फळीवर ठेवला आणि रोज उद्यावर टाकले.

काल दिवसभर वादळ होते. घराच्या एका बाजूची खिडकी पूर्ण बुजली. आज पाचला बाहेर पडलो. वरचा भाग निघाला. तळाचा बांध छातीपर्यंत होता आणि त्यात रस्त्यावरून उखडलेला बर्फाचा तुकडा, चुलीएवढा, मला दिसला नाही. मळसूत्राने तो पकडला, यंत्र अंगावर उसळले, आत दळण दळल्यासारखा आवाज आला. इंजिन चालू, मळसूत्र थांबलेले.

क्लेटनला फोन केला. तो फावडे घेऊनच आला. आधी त्याने झाकण उघडून आत बोट फिरवले. ग्रीसमध्ये पिवळा चुरा. आतल्या पितळी चाकाचे दात गेले होते.

"हे बोल्ट कोणी घातले?"

मी सांगितले.

"शिव्या देणार होतो," तो म्हणाला, "पण तुझं तोंड बघून नको वाटतं. उचल फावडं."

दोघांनी मोठ्या ढकलफावड्यांनी बांध फोडला. रोंडा खाली गाडीत थांबली होती. नियमाने तिला निघून जायला हवे होते. अकराच्या सुमाराला ती वर आली. मी धावत घरात गेलो. "डॅड, झालं, चल, गाडी आली!"

तो खुर्चीत होता, पायात लोकरी मोजे, कोट नाही.

"रोंडाला आत बोलाव," तो म्हणाला. "कॉफी दे तिला. इतका वेळ थांबली बिचारी."

"कॉफी नंतर. आधीच साडेतीन तास उशीर झालाय."

"मी येत नाही, डेल."

"अरे पण चढ साफ आहे!"

"दिसतोय मला. चढाचं काही नाही रे."

रोंडाने टोपी काढली. तिने माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघून विचारले, "आजच्यापुरतं, रूबेन?"

"नाही," तो म्हणाला.

ती खुर्ची ओढून बसली आणि कॉफीत साखर घालून घेतली. केंद्रावर फोन केला तो तिनेच.

तो वादळाने थकला आहे. सकाळपासून वाट पाहायला लावल्यावर कोणीही वैतागेल. बुधवारपर्यंत गिअरबॉक्स बसवला आणि वेळेवर चढ काढला तर तो जाईल.

बुधवार, २७ फेब्रुवारी

क्लेटनने भंगारातल्या एका यंत्राचा गिअरबॉक्स आणून दिला. दुपारी गॅरेजमध्ये बसवला. डॅड बादलीवर बसला होता, घोंगडीत. हाताला खाज सुटत होती, तरी मला पाने-पकडी तो देत होता. मागायच्या आधीच योग्य आकाराचा पाना पुढे यायचा.

मी म्हणालो, "बोल्टचं तुला सांगितलं नाही मी."

"कळलं होतं. पिन तुटते तेव्हा इंजिनाचा आवाज हलका होतो. महिनाभर झाला नाही."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने पाना फडक्याने पुसला. "तू इतका जीव लावून चढ काढत होतास. म्हटलं, काढू दे."

यंत्र चालू झाले. मी सकाळीही चढ फावड्याने काढला होता. गाडी आली नाही. त्यांनी वेळापत्रकातून नाव काढले आहे. ते परत घालता येते, मी विचारून ठेवले.

शनिवार, २ मार्च

काल घरी येऊन बघणारी परिचारिका आली आणि तिच्याबरोबर वर-खाली होणारी खाट. खाट आणणाऱ्या ट्रकसाठी चढ रुंद केला.

आज शनिवार, सौनाचा, म्हणजे गरम वाफेच्या अंघोळीचा दिवस. डॅड म्हणाला त्याला सौनात बसायचे आहे. लाकडी खोली घरामागे, झाडांपाशी आहे, आणि यंदा तिकडची वाट मी काढलीच नव्हती. सगळे लक्ष पुढच्या चढावर. यंत्र फिरवून घेतले आणि घराच्या मागच्या दारापासून एका फेरीत वाट काढली, अठ्ठावीस इंच, दोन्ही बाजूंना खांद्याएवढ्या भिंती. दोघे शेजारी मावत नव्हतो. मी पुढे उलटा चालत होतो आणि तो माझ्या दोन्ही कोपरांना धरून.

"कडा सरळ आल्यात," तो म्हणाला.

वरच्या फळीवर त्याला चढवेना. खालच्या फळीवर बसलो. आच मंद ठेवली. मी त्याची पाठ घासून दिली. पाठीवर सगळे मणके दिसतात. त्याने विचारले, "लाकडं पुढच्या वर्षीची फोडलीस का?" मी म्हणालो उन्हाळ्यात फोडू. तो म्हणाला, "मे महिन्यातच फोड. वाळायला वेळ लागतो."

शनिवार, ९ मार्च

गुरुवारी दुपारी पावणेचारला डॅड गेला. दोन दिवस झोपेतच होता. मी शेजारी होतो. परिचारिकेने फोन केले.

मयताची गाडी येणार होती आणि दुपारपासून सात इंच बर्फ पडला होता. मी जाऊन चढ काढला. तळाचा बांध तीन पातळ थरांत कापला, घाई केली नाही. योग्य पिना होत्या, एक तुटली, ती बदलली. गाडीचा माणूस म्हणाला या आठवड्यात इतका साफ चढ त्याने पाहिला नाही. ते त्याला घेऊन सावकाश खाली गेले. घसरले नाहीत.

जमीन चार फूट गोठलेली आहे, म्हणून बाकी सगळ्यांसारखा डॅडही मेपर्यंत दफनभूमीतल्या दगडी कोठीत राहील. आईच्या शेजारची जागा आहे.

काल शुक्रवार. सवयीने पाचला उठलो आणि चढ काढला. साडेसातला रोंडाची गाडी खाली थांबली. भोंगा वाजवला नाही. हातात झाकलेले भांडे घेऊन ती चालत वर आली.

आम्ही पायरीवरच उभे राहिलो. मी तिला सांगितले की वादळानंतरच्या त्या सोमवारी माझ्या बोल्टमुळे साडेतीन तास गेले. साडेसातला समोर गाडी असती तर तो कधीच नाही म्हणाला नसता. आधी दोनदा म्हणाला तेव्हा त्याला रस्ता बंद वाटला होता.

तिने भांडे माझ्या हातात दिले आणि हातमोजे काढून माझी टोपी कानांवरून खाली ओढली, लहान मुलाची ओढावी तशी.

"रस्ता बंद नव्हता, रोंडा," मी म्हणालो. "एकदाही नव्हता."

"नव्हता रे राजा," ती म्हणाली. "त्यालाही माहीत होतं."

यंत्र दारात चालूच होते; ती गेल्यावर बराच वेळ ते गॅरेजमध्ये नेले नाही. मग तोटी बंद केली आणि इंजिन आपोआप थांबेपर्यंत उभा राहिलो.

आजपर्यंतचा खर्च, डॉलरमध्ये:
यंत्र, दिलेले हप्ते: ५००
पेट्रोल, तेल, औषध: ११८
पिना आणि बोल्ट: ४१
नारिंगी काठ्या, ग्रीस: ३४
मयताची व्यवस्था, आगाऊ: १,२००
एकूण: १,८९३

देणे:
क्लेटनला यंत्राचे उरलेले: १५०
क्लेटनला गिअरबॉक्सचे: ९० (नको म्हणतो, देणार आहे)
मयताच्या व्यवस्थेचे उरलेले: २,३००
कोठीचे भाडे, मेपर्यंत: १५०
एकूण: २,६९०
खड्डा खणण्याचे: अजून सांगितलेले नाही. तेव्हा बर्फ किती उरला असेल ते बघून सांगतील.